जर्नलच्या नावाखाली 47,940 रुपये गेले, आणि पेपरही अडकला

मी वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार शिकवते. नैराश्याच्या रुग्णांचा रात्रीचा मोबाईल आणि त्यांची झोप, यावरचा आमचा पेपर ज्या साइटवर पाठवला ती एका जुन्या, नावाजलेल्या जर्नलची हुबेहूब नक्कल निघाली. नाव तेच, आयएसएसएन (जर्नलचा ओळख क्रमांक) तोच, संपादक मंडळाचे फोटोसुद्धा तेच. पत्त्यात फक्त एक आडवी रेघ जास्त. गूगलवर पहिलीच लिंक ती होती, आणि ओपीडी उरकून मोबाईलवर साइट उघडली की पत्ता अर्धाच दिसतो.

“डॉक्टर असून कळलं नाही?” असं ज्यांना विचारायचंय त्यांनी ऐकावं. भुरट्या जर्नलांचे मेल मी रोज डिलीट करते. हे जर्नल मी स्कोपसमध्ये, म्हणजे निवडक जर्नलांच्या डेटाबेसमध्ये, तपासलं होतं. नोंद होती, पण ती खऱ्या जर्नलची! आयएसएसएन हा नुसता ओळख क्रमांक आहे, कुणीही उचलून चिकटवतो. जर्नलच्या साइटवर गूगलच्या पहिल्या लिंकवरून जाऊ नका, पत्ता पूर्ण वाचा.

पेपरचा रिव्ह्यू, म्हणजे तज्ज्ञांचा अभिप्राय, आला तेव्हा मात्र शंका यायला हवी होती. आठवडाही झाला नव्हता, आणि दोनच ओळी: भाषा सुधारावी, संदर्भ क्रमाने लावावेत. रुग्ण आधीच झोपेच्या गोळ्यांवर होते का, हे एमडीच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही विचारतो. मी उत्तर तयार ठेवलं होतं. कुणी विचारलंच नाही, आणि मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याचा आजही संताप येतो. पण बढतीची फाइल जायची होती, पेपर नसेल तर फाइल पुढे सरकत नाही, आणि पहिलं नाव माझ्या रेसिडेंटचं होतं. त्या घाईवरच ही मंडळी जगतात.

आधी 38,500 छपाई शुल्क. मग ‘प्लेजिअरिझम (मजकूर-चोरी) तपासणी व फॉरमॅटिंग’चे 8,000, वर 18 टक्के जीएसटी 1,440. बिलावर जीएसटी आकारलेला, जीएसटी क्रमांक कुठेच नाही. खातं कुठल्याशा ट्रेडर्सचं. बिल नीट वाचा, खातं कुणाच्या नावावर आहे ते बघा.

छापून आल्यावर डीओआय, म्हणजे पेपरची कायमची लिंक, उघडेना. खऱ्या संपादकांना लिहिलं, तर म्हणाले, ही नक्कल आम्हाला माहीत आहे, आम्ही सूचना लावली आहे. पेपर मागे घ्यायचा म्हटलं तर त्या चोरांनी 300 डॉलर मागितले. एक पैसा दिला नाही. तुम्हीही देऊ नका.

सायबर ठाण्यातला अधिकारी म्हणाला, “मॅडम, पैसे तुम्हीच पाठवलेत आणि पेपर तर छापलाय, मग फसवणूक कसली? दिवाणी मामला आहे.” नकली साइट म्हणजे काय ते समजावण्यात सकाळ गेली. बँक म्हणाली, व्यवहार तुम्हीच मंजूर केलाय. महाविद्यालयाच्या संशोधन कक्षाने “पुढच्या वेळी काळजी घ्या” एवढंच सांगितलं. पेपरची सक्ती करायला सगळे पुढे, गळा कापला गेला की एकही जबाबदार नाही! 2013 साली ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकासाठी पत्रकार जॉन बोहॅनन यांनी मुद्दाम चुकीचा पेपर 304 जर्नलांना पाठवला, 157 जणांनी तो स्वीकारला. इतकी वर्षं हे उघड असताना जर्नल तपासायला माणूस का नेमत नाहीत?

पैशांपेक्षा जिव्हारी लागलंय ते वेगळंच. 64 रुग्णांनी आम्हाला वेळ दिला. ज्यांना अंथरुणातून उठवत नव्हतं त्यांनी बाकावर बसून झोपेचे 19 प्रश्न सोडवले. एक आजी प्रत्येक उत्तराआधी सुनेकडे बघायच्या, मग स्वतःच ठरवून सांगायच्या. दुसरं जर्नल आता हा पेपर घेताना आधी विचारतं, पूर्वी कुठे छापलाय का? छापलाय म्हटलं की दार बंद. आता मी सगळा पत्रव्यवहार जोडून पाठवणार आहे.

पैसे नुकतेच गेले असतील तर आधी 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा, ठाण्यात नंतर जा. मला कळायला उशीर झाला, तोवर ते खातं रिकामं झालं होतं. साइट अजून चालू आहे आणि त्यावर आपल्याकडच्या बऱ्याच जणांची नावं आहेत. लाज वाटते म्हणून गप्प बसू नका, एकत्र तक्रार करू.