कोरं नाणं ओळखायला घेतलेला खिशातला वजनकाटा: कामाचा, पण पंखा बंद करून वापरा

आधी का घेतला ते सांगतो. टीएमटीत कंडक्टरने सुट्टे दिले, ठाणे स्टेशनला उतरून बघतो तर त्यात पाचचं एक नाणं दोन्हीकडून कोरं, ना सिंह, ना आकडा, ना साल, नुसती पिवळी चकती आणि कडेला बारीक उंचवटा. आई म्हणाली, खोटं आहे, परत देऊन ये त्याला. म्हटलं थांब जरा.

मग जांभळी नाक्यावरून हा काटा घेतला, ४२० ला. २०० ग्रॅमपर्यंत मोजतो आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवतो, बारीक पेन्सिल सेल दोन लागतात. कंपनी कुठली ते बॉक्सवर धड लिहिलेलंच नाहीये.

आता नाण्याला काटा कशाला, तर टांकसाळीत आधी चकती कापतात, मग तिची कड उचलतात आणि शेवटी ठसा मारतात. ठशाने धातू फक्त इकडचा तिकडे सरकतो, वजन तेवढंच राहतं. म्हणजे ठसा मारायचाच राहिला असेल तर कोऱ्या नाण्याचं वजन पूर्ण भरायला हवं, आणि कोणी घासून गुळगुळीत केलं असेल तर ते कमी भरणारच. २०११ च्या सिरीजचं पाचचं नाणं ६ ग्रॅमचं. माझं भरलं ५.९८. त्या रात्री आईला दोनदा उठवून दाखवलं.

खरा उपयोग पुढे झाला. एका प्रदर्शनात मी मागे 'कोरा रुपया' म्हणून २५० ला घेतला होता, तो काट्यावर ठेवला तर ३.२७. त्या सिरीजचा रुपया ३.७९ चा असतो राव! २०१९ नंतरचा रुपया हलका आहे, ३.०९ चा, म्हणून वाटलं तो असेल, पण तो २० मिमीचा, माझा पट्टीवर बरोब्बर २२. म्हणजे घासलेलाच. गेले २५० पाण्यात.

तक्रारी आहेत. पंखा चालू असला की आकडा नाचतो. तपासायला वजन बॉक्समध्ये देत नाहीत, मी २०११ सिरीजची एक रुपयाची पाच चांगली नाणी एकदम ठेवून बघतो, १८.९५ च्या आसपास आलं की काटा बरोबर. आणि एक-दोन मिनिटांत आपोआप बंद होतो, ते डोक्यात जातं.

हे लक्षात ठेवा की काटा फक्त वजन सांगतो. ठसा सरकलेला, डाय म्हणजे ठशाचा साचा फिरलेला, किंवा लाखी म्हणजे एकाच बाजूचं चित्र मागे उलटं खोलगट उमटलेलं, हे सगळं भिंगानेच बघावं लागतं. आणि असल्या नाण्याला लाखो मिळतात म्हणणारे व्हिडिओ बघून काटा घेणार असाल तर नका घेऊ. नाणी विकून देतो म्हणत रिझर्व्ह बँकेच्या नावाने फी मागणाऱ्यांपासून सावध राहा असं बँकेनेच २०२१ मध्ये सांगितलंय.

मुंबईच्या टांकसाळीचं नाणं असेल तर सालाखाली पत्त्यांतल्यासारखी बारीक चौकट असते, पण माझ्या पाचवर सालच नाही, त्यामुळे ते फोर्टातल्या मुंबईच्या टांकसाळीतून आलं की कुठून, काय कळणार.

पाचपैकी चार. एक कापला तो त्या आपोआप बंद होण्याचा, पंख्याचं मी चालवून घेतलंय.