कोळसा सुकवणारा ड्रम : आठ महिने वापरल्यानंतर

आमचं कापड प्रोसेसिंगचं युनिट कागल-हातकणंगले एमआयडीसीत आहे. बॉयलरला इंडोनेशियाचा कोळसा लागतो. राख कमी, भाव परवडणारा, पण त्याच्या अंगातच 35 टक्के पाणी. ओली चिपाडं घातली की गुऱ्हाळाचं चुलवाण कसं धुमसतं हे लहानपणापासून बघितलंय, त्यामुळे उद्यमनगरातल्या एका फॅब्रिकेटरनं ड्रायरचा विषय काढला तेव्हा लगेच पटलं. फिरता ड्रम, चिमणीकडे निघालेला गरम धूर त्यातून न्यायचा, पुढे धूळ धरायला सायक्लोन. वेगळं इंधन लागत नाही. काम दणकट आहे. बेअरिंग, गिअरबॉक्स, काहीही अजून खोलावं लागलेलं नाही.

विकताना दाखवलेला हिशोब मात्र चुकीचा आहे. ओलावा 35 वरून 25 टक्क्यांवर आला की किलोमागचा उष्मांक, म्हणजे जळताना मिळणारी उष्णता, 4,200 वरून 4,800 किलोकॅलरीच्या वर जातो. लॅबचा रिपोर्टही तसाच येतो आणि त्यावरून ‘15 टक्के बचत’ सांगितली जाते. पण टनभर कोळसा सुकून 867 किलोच उरतो! पैसे आपण काट्यावरच्या पूर्ण टनाचे मोजलेले असतात. बचत होते ती उडालेल्या 133 किलो पाण्याची. ते भट्टीत उडवायला किलोला साधारण 620 किलोकॅलरी गेल्या असत्या, म्हणजे टनामागे 20 किलो कोळसा. दोन टक्के.

मी फीड वॉटरचा, म्हणजे बॉयलरला जाणाऱ्या पाण्याचा मीटर आणि काट्याच्या पावत्या धरून मोजलं. आधी टनाला 4.9 टन वाफ मिळायची, आता 5.1. म्हणजे चार टक्के. राखेत न जळलेले काळे तुकडे पडायचे ते कमी झालेत, वरचा फायदा तिथून आला.

माझ्यासाठी खरी किंमत पावसाळ्यात वसूल झाली. जुलैत कापड रंगवायच्या जेट मशीनवर लॉट चालू असताना वाफेचं प्रेशर पडायचं, रंगाची शेड हुकायची, अख्खा लॉट पुन्हा रंगवावा लागायचा. यंदा तसं एकदाही झालं नाही. आमचे बॉयलरवाले तात्या पहिल्याच पाळीला म्हणाले, “मालक, जाळ कसा मोकळा लागलाय बघा.”

एक गोष्ट विक्रेत्यानं सांगायला हवी होती, सांगितली नाही. हा कोळसा सुकवून साठवायचा नाही. सुकलेल्या कोळशातली बारीक भोकं हवेतला ऑक्सिजन आणि दमटपणा ओढून घेतात, त्यात उष्णता निघते आणि ढीग आतून आपोआप तापतो. सुट्टीच्या आदल्या दिवशी आम्ही हॉपर, म्हणजे कोळसा साठवायची पत्र्याची टाकी, सुकलेल्या कोळशानं भरून ठेवला. परत आलो तर रॉकेलसारखा वास आणि पत्र्याला हात लावता येईना. तात्यांनी खालचं झाकण उघडून थोडा थोडा कोळसा बाहेर पसरला, म्हणून निभावलं. त्या दिवशी माणूस भाजला असता.

आता पाळीपुरताच सुकवतो, सुट्टीआधी हॉपर रिकामा करतो, ड्रममध्ये शिरणाऱ्या धुराचं तापमान दर तासाला वहीत लिहितो. सायक्लोनची धूळ रोज काढतो, तीही पेट घेते. तुमचा कोळसा अजून उघड्यावर भिजत असेल तर आधी पत्र्याची शेड घाला, ड्रम नंतर. घेताना करारात टनामागे किती वाफ हे लिहून घ्या, किलोमागचा उष्मांक नको.