नीटचे गुण हाती आल्यावर: खासगी जागा, पुन्हा परीक्षा की परदेश?

2024 साली नीटमध्ये, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाच्या देशव्यापी परीक्षेत, 650 किंवा त्याहून अधिक गुण मिळवणारे विद्यार्थी तीस हजारांच्या घरात होते. 2025 साली 650 च्या वर देशभरात केवळ 73 जण होते आणि पहिला आलेला विद्यार्थी 686 वर थांबला. दोन्ही वर्षी परीक्षा 720 गुणांचीच होती. त्यामुळे ‘किती गुणांना एमबीबीएस मिळते’ या प्रश्नाला, तो कोणत्या वर्षाबद्दल आहे हे सांगितल्याशिवाय उत्तरच नाही. तरीही निकालाच्या दिवशी घरोघरी पहिला फोन मागच्या वर्षी प्रवेश घेतलेल्या नातेवाइकाच्या मुलाला जातो आणि त्याच्या गुणांशी आपले गुण ताडून पाहिले जातात. तुलना करायचीच असेल, तर ती अखिल भारतीय क्रमांकाची करावी आणि महाराष्ट्रापुरती तुलना राज्य गुणवत्ता यादीतील क्रमांकाची करावी. पेपर अवघड गेला की सगळ्यांचेच गुण घसरतात. क्रमांकावर त्याचा परिणाम फारच कमी होतो.

‘पात्र’ हा शब्दही असाच दिशाभूल करणारा आहे. 2025 मध्ये खुल्या प्रवर्गासाठी पात्रतेची रेषा 144 गुणांवर होती आणि सर्व प्रवर्ग मिळून बारा लाखांहून अधिक विद्यार्थी पात्र ठरले. एमबीबीएसच्या जागा मात्र साऱ्या देशात मिळून सव्वा लाखाच्या आतबाहेर आहेत. पात्र ठरणे म्हणजे रांगेत उभे राहण्याची परवानगी मिळणे, एवढाच त्याचा अर्थ होतो.

एकच विद्यार्थी, दोन खिडक्या

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला सरकारी जागेसाठी दोन रांगांत उभे राहता येते. शासकीय महाविद्यालयांतील 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात आणि ती प्रक्रिया दिल्लीची एमसीसी (मेडिकल कौन्सेलिंग कमिटी) राबवते. उरलेल्या 85 टक्के जागा राज्याच्या सीईटी सेलच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेऱ्यांतून भरल्या जातात. त्यांसाठी अधिवास आणि दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली असणे या मुख्य अटी आहेत.

या दोन खिडक्यांवर विद्यार्थ्याचा प्रवर्ग एकच राहील असे नाही. राज्यात भटक्या जमाती ‘क’मध्ये मोडणारा धनगर विद्यार्थी किंवा ‘ड’मध्ये मोडणारा वंजारी विद्यार्थी केंद्राच्या खिडकीवर ओबीसी म्हणून उभा राहतो, आणि त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातले नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र वेगळे लागते. राज्याच्या एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) प्रवर्गातील विद्यार्थ्याला केंद्राच्या यादीत तसा प्रवर्गच सापडत नाही. तिथे तो खुल्या गटात मोजला जातो किंवा निकषांत बसत असल्यास केंद्राचे ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) प्रमाणपत्र काढून त्या गटात जातो. म्हणून शक्यतांचा हिशेब दोन्ही खिडक्यांसाठी वेगवेगळा मांडावा लागतो. एका खिडकीचा आकडा दुसरीला लावण्याची चूक सर्रास होते.

राज्याच्या खिडकीवरची शक्यता अजमावण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे मागील वर्षाच्या शेवटच्या कॅप फेरीची निवड यादी स्वतः उघडून वाचणे. ती शेकडो पानांची असते आणि संगणकाच्या पडद्यावर कंटाळवाणी दिसते. पण प्रत्येक ओळीत विद्यार्थ्याचा नीट क्रमांक, त्याचा मूळ प्रवर्ग, ज्या प्रवर्गातून जागा मिळाली तो प्रवर्ग आणि महाविद्यालय या गोष्टी असतात. आपल्या प्रवर्गातून शासकीय महाविद्यालयात शिरलेला शेवटचा विद्यार्थी शोधावा आणि त्याचा अखिल भारतीय क्रमांक टिपून घ्यावा. हे करताना एक गोष्ट लगेच ध्यानात येते. ‘ओपन’ जागा मिळालेल्यांच्या मूळ प्रवर्गाच्या रकान्यात ओबीसी, एनटी, एससी असे सगळेच दिसतात, कारण खुल्या जागा खुल्या प्रवर्गासाठी राखून ठेवलेल्या नसतात. त्या गुणवत्तेवर सर्वांना खुल्या असतात. मुलींसाठी समांतर आरक्षण, डोंगरी भाग, संरक्षण दलांतील पालक आणि महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभाग यांच्या जागा निराळ्या मोजायच्या. बेळगाव-निपाणीकडच्या वादग्रस्त गावांतील मराठी कुटुंबांना सीमाभागाच्या या तरतुदीची अनेकदा कल्पनाही नसते.

जुनी यादी वाचताना दोन बदल मनात धरावे लागतात. त्या-त्या विभागातील विद्यार्थ्यांना 70 टक्के आणि बाहेरच्यांना 30 टक्के जागा देणारे प्रादेशिक 70:30 चे सूत्र सप्टेंबर 2020 मध्ये रद्द झाले, त्यामुळे विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे वेगळे कट-ऑफ सांगणारा सल्ला आता कालबाह्य आहे. दुसरे म्हणजे 2024 मध्ये जालना, हिंगोली, वाशीम, बुलढाणा, भंडारा, गडचिरोली, अंबरनाथ अशी दहा नवी शासकीय महाविद्यालये एकदम सुरू झाली. जागा वाढल्या की शेवटचा क्रमांक थोडा खाली सरकतो, म्हणून 2023 ची यादी आजच्या विद्यार्थ्याला विनाकारण घाबरवू शकते.

खासगी आणि अभिमत: फरक केवळ शुल्काचा नाही

सरकारी जागा हुकणार हे स्पष्ट झाल्यावर ‘प्रायव्हेट घेऊ’ असे म्हटले जाते, परंतु या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात. खासगी विनाअनुदानित महाविद्यालये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असतात, त्यांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि त्यांच्या 85 टक्के जागा राज्याच्या कॅपमधूनच भरल्या जातात. उरलेला 15 टक्के संस्थात्मक कोटा कित्येक पट शुल्काचा असतो. अभिमत (डीम्ड) विद्यापीठांची प्रवेशप्रक्रिया मात्र एमसीसीकडे असते, तिथे राज्याचे सामाजिक आरक्षण किंवा अधिवासाचा लाभ नसतो, आणि वार्षिक शुल्क बहुतेक ठिकाणी वीस लाखांच्या पुढे जाते. गुणवत्ता क्रमांक बराच खाली असतानाही अभिमत जागा मिळते, याचे कारण हे शुल्कच आहे. रांगेतले बरेच जण त्या आकड्यापाशी गळून पडतात.

मुलीच्या बाबतीत हा फरक आणखी रुंदावतो. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ होते. विनाअनुदानित महाविद्यालये यात धरलेली आहेत. अभिमत विद्यापीठे आणि संस्थात्मक कोटा मात्र वगळलेले आहेत. म्हणजे ज्या कुटुंबाने खासगी महाविद्यालयाचे नावच यादीतून खोडून टाकले होते, त्या कुटुंबातील मुलीसाठी विनाअनुदानित जागा हा खर्चाच्या दृष्टीने परवडणारा पर्याय ठरू शकतो. इतर शुल्के आणि वसतिगृह वेगळे पडते, ते विसरून चालणार नाही. मुलांसाठी शिष्यवृत्तीचा दिलासा अपुरा आहे. साडेचार वर्षांचे शुल्क आणि शैक्षणिक कर्जाचा हप्ता कागदावर मांडल्यावर अनेक पालकांना पुन्हा परीक्षेचा पर्याय अधिक शहाणपणाचा वाटू लागतो.

पुन्हा परीक्षा द्यावी का?

या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘किती गुणांनी हुकले’ यावर दिले जाते. माझ्या मते ते गुण कुठे आणि कसे गेले यावर द्यायला हवे. समजा दोन विद्यार्थ्यांना 480 गुण आहेत. पहिल्याची 130 उत्तरे बरोबर, 40 चूक आणि 10 प्रश्न सोडलेले: 520 वजा 40. दुसऱ्याची 122 बरोबर, फक्त 8 चूक आणि 50 प्रश्न सोडलेले: 488 वजा 8. गुणपत्रिकेवर दोघे सारखे आहेत.

आता नीटची गुणपद्धती पाहावी. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक गुण वजा, आणि पर्याय चार. डोळे मिटून चार प्रश्नांवर ठोकताळे मारले, तर सरासरी एक बरोबर येते आणि तीन चुकतात. हाती एक गुण पडतो. पहिल्याच्या 40 चुका निव्वळ अंदाजाच्या असतील, तर त्याच हिशेबाने त्याची तेरा-एक उत्तरे अंदाजानेच बरोबर आलेली असणार, म्हणजे त्याच्या 480 मधले बारा-तेरा गुण नशिबाचे आहेत आणि त्याची खरी तयारी 467 च्या आसपासची आहे. दुसऱ्याने सोडलेल्या पन्नासही प्रश्नांना अंदाजाने उत्तरे दिली असती, तर सरासरीने त्याचे बारा-तेरा गुण वाढले असते. तो आहे त्या तयारीवरच 490 च्या वर जाऊ शकत होता. या पट्ट्यात तेवढ्या गुणांत हजारो क्रमांक ओलांडले जातात. परंतु पहिल्याच्या चुका अंदाजाच्या नसून येत असलेल्या प्रश्नांत आकडेमोड फसल्यामुळे किंवा ‘अयोग्य विधान निवडा’ हे वाक्य नजरेतून सुटल्यामुळे झालेल्या असतील, तर चित्र उलटे होते, कारण अशी प्रत्येक चूक दुरुस्त झाली की एकदम पाच गुण वाढतात.

म्हणून पुन्हा परीक्षेचा निर्णय घेण्यापूर्वी स्वतःच्या ओएमआर उत्तरपत्रिकेची प्रत आणि अंतिम उत्तरसूची शेजारी ठेवून एक दुपार घालवावी. प्रत्येक प्रश्नापुढे ‘येत होते’, ‘अंदाज’, ‘वेळ नव्हता’, ‘वाचलेच नव्हते’ (म्हणजे तो भाग अभ्यासलाच नव्हता) यांपैकी एक खूण करावी, आणि ही खूण विद्यार्थ्याने स्वतः करावी. वडिलांनी शेजारी बसू नये. त्यानंतर विषयवार बेरीज करावी. जीवशास्त्राला 360 गुण आहेत आणि ज्याला तिथे 330 पडलेत, त्याला त्या विषयात आणखी वर्षभर घासून फारसे काही मिळणार नाही. भौतिकशास्त्रात 180 पैकी 60 असतील आणि खुणांमध्ये ‘वाचलेच नव्हते’ची संख्या मोठी असेल, तर वाढीला खरी जागा आहे. ‘येत होते’ असे समजून चुकलेले प्रश्न तिन्ही विषयांत सारखे पसरलेले असतील, तर मात्र लातूर, नांदेड किंवा राजस्थानातील कोटा इथे त्याच पद्धतीच्या दुसऱ्या शिकवणी वर्गात पैसे भरण्यात मला अर्थ दिसत नाही.

नीट देण्याच्या प्रयत्नांवर सध्या मर्यादा नाही आणि कमाल वयाची अटही राहिलेली नाही. ही सवलत दुधारी आहे. दुसऱ्या प्रयत्नाबद्दल मी बहुधा अनुकूल असतो. तिसऱ्याबद्दल, दुसऱ्या प्रयत्नात क्रमांक स्पष्टपणे सुधारला असेल तरच.

परदेश, आयुर्वेद आणि दंतशाखा

रशिया, जॉर्जिया, कझाकस्तान किंवा किर्गिझस्तानचे एकूण शुल्क आपल्या अभिमत विद्यापीठांपेक्षा पुष्कळ कमी असते, आणि दलालांच्या पत्रकांवर तेवढेच मोठ्या अक्षरांत छापलेले असते. तिकडे जाण्यासाठीही नीट पात्र असावे लागतेच. त्याखेरीज राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोव्हेंबर 2021 च्या नियमांप्रमाणे किमान 54 महिन्यांचे इंग्रजी माध्यमातील शिक्षण, त्याच संस्थेत बारा महिन्यांची आंतरवासिता (इंटर्नशिप), त्या देशात वैद्यकीय व्यवसायाची नोंदणी मिळण्याजोगी पदवी आणि परतल्यावर भारतात आणखी बारा महिन्यांची आंतरवासिता आवश्यक आहे. मध्ये एफएमजीई ही परदेशी पदवीधरांची पात्रता परीक्षा आहे: 300 पैकी 150 गुण हवेत, वर्षातून दोनदा होते, आणि अलीकडच्या बहुतेक सत्रांत उत्तीर्णांचे प्रमाण वीस ते तीस टक्क्यांच्या आसपास राहिले आहे. म्हणजे इथे रांग सुरुवातीला नसून शेवटी आहे. ज्या विद्यार्थ्याच्या खुणांमध्ये ‘वाचलेच नव्हते’ अधिक आहे आणि जो नव्या देशात एकट्याने अभ्यास करू शकतो याचा पालकांना अनुभव आहे, त्याच्यासाठी हा विचार करता येतो. इथे दोनदा परीक्षा देऊन पात्रतेच्या रेषेपाशीच घुटमळलेल्या विद्यार्थ्याला ती रांग सोपी जाईल, असे मानायला आधार नाही.

बीएएमएस (आयुर्वेद) आणि बीडीएससाठीही (दंतवैद्यक) नीटचाच क्रमांक लागतो, आणि बीएएमएसच्या चांगल्या शासकीय महाविद्यालयांचा कट-ऑफ लोकांना वाटतो तितका खाली नसतो. यावर एवढेच म्हणता येईल, की आयुर्वेद शिकण्याची इच्छा असेल तर तो स्वतंत्र आणि सन्मानाचा मार्ग आहे. ‘पुढे अॅलोपॅथीच करायची’ या हिशेबाने तिकडे जाणाऱ्याची अडचण साडेपाच वर्षांनंतरही संपत नाही.

यांपैकी कोणताही पर्याय मनात असला, तरी सीईटी सेलची नोंदणी वेळेत करून ठेवावी. पुन्हा परीक्षा देण्याचे नक्की केलेल्यांनीसुद्धा. केंद्राच्या खिडकीवर पहिल्या फेरीत मिळालेली जागा दंड न भरता सोडता येते, नंतरच्या फेऱ्यांत अनामत रक्कम जाते आणि पुढच्या फेऱ्यांचे दरवाजेही बंद होऊ शकतात. ही अनामत सरकारी जागांसाठी खुल्या प्रवर्गाला दहा हजार रुपये आहे आणि अभिमत विद्यापीठांसाठी दोन लाख. तेव्हा ‘नुसते नाव टाकून पाहू’ म्हणत अभिमतचे पर्याय भरताना हा आकडा आधी पाहावा. राखीव प्रवर्गातील विद्यार्थ्यांनी जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज बारावीच्या वर्षातच केलेला नसेल, तर आजच समितीच्या कार्यालयात चौकशी करावी; क्रमांक पुरेसा असूनही या एका कागदासाठी प्रवेश अडकल्याची उदाहरणे दरवर्षी घडतात.