ट्यूबची उणीव नेमकी कुठे भासते? रोलँड जेसी-१२० वाजवून पाहताना

गिटारचा सॉलिड स्टेट, म्हणजे ट्रान्झिस्टरवर चालणारा, अ‍ॅम्प काचेच्या निर्वात नळ्यांवर (ट्यूब) चालणाऱ्या अ‍ॅम्पची बरोबरी करू शकतो का, हा वाद निघाला की तुलनाच बहुधा विषम असते. एका बाजूला निगुतीने बांधलेला ट्यूब अ‍ॅम्प आणि दुसऱ्या बाजूला नवशिक्यांसाठी बनवलेला, आठ इंची स्पीकरचा छोटासा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प अशी जोडी लावली, तर निकाल आधीच ठरलेला असतो. म्हणून या परीक्षणासाठी मी रोलँडचा जेसी-१२० निवडला. १९७५ साली बाजारात आलेल्या या अ‍ॅम्पमध्ये ६० वॉटचे दोन स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन बारा इंची स्पीकर आहेत. त्याच्या शेजारी फेंडरचे दोन ट्यूब अ‍ॅम्प ठेवले: दोन बारा इंची स्पीकरांचा आणि चार ६एल६ ट्यूबांचा ८५ वॉटचा ट्विन रिव्हर्ब, आणि एका बारा इंची स्पीकरचा, दोन ६व्ही६ ट्यूबांचा २२ वॉटचा डीलक्स रिव्हर्ब. गिटार एकच, केबल एकच आणि मध्ये आवाज बदलणारे एकही पेडल नाही.

आधी स्वच्छ आवाजाचे पाहू. जेसी-१२० आणि ट्विन यांची पातळी कानाने जुळवून घेतली, ट्रेबल-मिडल थोडे इकडेतिकडे केले आणि दुसऱ्याला वाजवायला लावून मी पाठमोरी बसले. भरलेल्या कॉर्डवर माझा अंदाज एकदा नव्हे, अनेकदा चुकला. ज्या दोन अ‍ॅम्पच्या पोटात इतके वेगळे सामान आहे, ते कानाला इतके जवळचे वाटावेत, हे बऱ्याच जणांना पटणार नाही. पण ट्विन हा मुळातच शेवटपर्यंत स्वच्छ राहण्यासाठी घडवलेला अ‍ॅम्प आहे, आणि त्याच्यात वीज एकदिश करण्याचे काम ट्यूब नव्हे तर डायोडच करतात. ट्यूबवर ताण येऊच द्यायचा नाही असे ठरवले, की तिचा स्वभाव फारसा बाहेर येत नाही.

तरीही एक फरक राहिला, आणि तो जाड ई तारेवर सापडला. तार मोकळी छेडून हाताने दाबली, की जेसी-१२० वर स्वर जागच्या जागी थांबतो. ट्विनवर तो किंचित फुगून, थोडी आस मागे ठेवून विरतो. याचे कारण ट्यूबच्या काचेत नाही, अ‍ॅम्प आणि स्पीकर यांच्या नात्यात आहे. आठ ओहमचा म्हणून ओळखला जाणारा स्पीकर प्रत्येक स्वराला आठ ओहमचा नसतो. खालच्या पट्टीत, जिथे त्याचा पडदा आपोआप थरथरू लागतो, तिथे त्याचा रोध कित्येक पटींनी वाढतो आणि वरच्या पट्टीतही हळूहळू चढत जातो. नेहमीच्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पचा स्वतःचा निर्गम (आउटपुट) रोध अगदी कमी असल्यामुळे तो स्पीकरला घट्ट धरून ठेवतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून येणाऱ्या ट्यूब अ‍ॅम्पची पकड सैल असते, आणि म्हणून स्पीकरचा स्वभाव आवाजात उतरतो. तळ थोडा गोल होतो आणि वरची धार थोडी उजळते. हा परिणाम ट्रान्झिस्टरच्या मंडलातही आणता येतो. स्पीकरमधून वाहणारा प्रवाह मोजून त्यानुसार अ‍ॅम्पला आवर घातला, की त्याचीही पकड सैल होते, आणि अनेक सॉलिड स्टेट अ‍ॅम्पमध्ये ही युक्ती वापरली गेली आहे. म्हणजे ट्यूबची म्हणून जी ऊब सांगितली जाते, तिचा बराच मोठा भाग ट्यूबशिवाय मिळू शकतो.

ट्यूब सम क्रमांकाचे हार्मोनिक (मूळ स्वराच्या दुप्पट, चौपट कंपनसंख्येचे उपस्वर) देते म्हणून ती गोड वाटते, हे वाक्य इतक्या वेळा ऐकू येते की ते तपासायचे भानच राहत नाही. ट्विन आणि डीलक्स या दोघांच्याही शेवटच्या टप्प्यात ट्यूबा जोडीने, एक ढकलते तर दुसरी ओढते अशा रीतीने काम करतात, आणि या रचनेत त्या टप्प्यात निर्माण होणारे सम हार्मोनिक बहुतांशी एकमेकांना खोडून काढतात. गोडवा आहे, पण त्याचे कारण एवढे सोपे नाही.

खरी परीक्षा डीलक्सबरोबर झाली. त्याचा व्हॉल्यूम सहाच्या आसपास ठेवला आणि गिटारवरचे बटण चारवर आणले. हलक्या हाताने आवाज स्वच्छ, पिक जरा जोरात मारली की स्वराच्या कडेला बारीक खर, तंबोऱ्याची जवारी खुलावी तशी. बटण दहावर नेले की तीच कॉर्ड दाटून, गुरगुरत येते. या मधल्या प्रदेशात डीलक्सच्या आत बरेच काही एकाच वेळी घडत असते: ट्यूबमधल्या ग्रिड या नियंत्रक जाळीवर प्रवाह वाहू लागून ट्यूबचा बायस (ठरवून दिलेला कार्यबिंदू) सरकतो, जोरदार आघाताला एकदिश करणाऱ्या ट्यूबसह सगळ्या पुरवठ्याचे व्होल्टेज क्षणभर बसते आणि मग सावरते, लाटेचा माथा कापला जाण्यापूर्वी वाकतो. हे सगळे वाजवणाऱ्याच्या बोटांना जाणवते. तार जणू थोडी मऊ झाली आहे असे वाटते, आणि हात आपोआप वेगळा वाजवू लागतो. दुरून ऐकणाऱ्याला यातला निम्माही फरक कळणार नाही, पण संगीत ज्या हातातून निघते त्या हाताला तो कळतो, आणि माझ्या लेखी तेच महत्त्वाचे आहे.

जेसी-१२० कडे हा प्रदेशच नाही. तो स्वच्छ असतो, आणखी स्वच्छ असतो, आणि त्याच्या पुढच्या मर्यादेला पोहोचू नये हेच बरे. त्याच्यावरचे डिस्टॉर्शनचे बटण कोरड्या, खरखरीत आवाजासाठी प्रसिद्ध आहे आणि वाजवणारे सहसा ते शून्यावरच ठेवतात. अ‍ॅम्पच्या पुढे एखादे चांगले ओव्हरड्राइव्ह (स्वरात खर आणणारे) पेडल लावले की परिस्थिती खूपच सुधारते. ध्वनिमुद्रणात तर तो आवाज सहज खपून जातो. पण गिटारचे बटण खाली आणत स्वरातला खर पुसत जाण्याची ती सलग उतरण पेडलवर मला तितकी गुळगुळीत सापडली नाही.

म्हणून सगळा ट्रान्झिस्टर वर्ग निकालात काढावा, असे मात्र नाही. ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग यांनी लॅब सीरीज एल५ हा सॉलिड स्टेट अ‍ॅम्प अनेक वर्षे वापरला, आणि त्यांच्या स्वरात माणुसकीची ऊब नाही असे कोण म्हणेल? पँटेरा या मेटल बँडचे गिटारवादक डाइमबॅग डॅरेल यांनी रँडलचे ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प घेतले ते त्यांच्या कडक, तत्काळ तुटणाऱ्या धारेसाठी. तिथे ट्यूबचा मऊपणा अडचणच ठरला असता. फार जास्त गेनच्या (संकेत खूप वाढवून खरखरीत केलेल्या) आवाजात तर दोहोंतले अंतर आणखी कमी होते, कारण तिथे बहुतेक घडण अ‍ॅम्पच्या पुढच्या टप्प्यांतच होते.

ज्यात जेसी-१२० ची बरोबरी दुसरा कोणी करू शकत नाही, ती गोष्ट म्हणजे त्याचा कोरस, एकाच स्वराचे दोन आवाज झुलत मिसळल्याचा परिणाम. एका स्पीकरमधून मूळ स्वर येतो, दुसऱ्यातून किंचित उशिरा आणि हेलकावत तोच स्वर येतो, आणि दोघांची भेट कुठल्याही मंडलात न होता खोलीच्या हवेत होते. अ‍ॅम्पसमोरून दोन पावले चालले तरी लाट बदलते. एकच माइक एका स्पीकरला चिकटवून लावला, तर यातले काहीच पकडले जात नाही. दोन माइक हवेतच. मेटालिका या बँडच्या स्वच्छ गिटारमागे आणि द क्युअर या बँडच्या रॉबर्ट स्मिथ यांच्या झुलत्या स्वरांमागे हा अ‍ॅम्प आहे. शांत जागी कोरस चालू केला की मागे हलकी सळसळ ऐकू येते, ती सहन करावी लागते.

वजनाबाबत भ्रम नको. ट्रान्झिस्टर म्हणजे हलका, असे समजून उचलायला जाल तर २८ किलो हाताला लागतात; ट्विन २९ किलोंचा आहे. देखभालीत मात्र जेसी-१२० कितीतरी सरस आहे. माझ्या एका जुन्या ट्यूब अ‍ॅम्पची पॉवर ट्यूब कार्यक्रमाच्या मधोमध गेली, फ्यूज उडाला, आणि उरलेली संध्याकाळ मी ध्वनिव्यवस्थेत थेट गिटार जोडून वाजवली. तो प्रसंग अजून अंगावर येतो. त्यानंतर दौऱ्यावर माझ्याबरोबर जेसी-१२० आणि एक ओव्हरड्राइव्ह पेडल असते.

ज्यांचे वादन स्वच्छ कॉर्ड, अर्पेजिओ (कॉर्डचे स्वर एकेक करून वाजवणे) आणि पेडलांची रांग यांवर उभे आहे, त्यांनी हा अ‍ॅम्प निःशंक घ्यावा. ज्यांचा उजवा हात आणि गिटारचे व्हॉल्यूमचे बटण हीच त्यांची सगळी पेडले आहेत, त्यांनी घेण्यापूर्वी शेजारी छोटा ट्यूब अ‍ॅम्प लावून, बटण चारवरून दहावर नेत, दहा मिनिटे दोन्ही वाजवून पाहावेत.