पायक्रिप्टोडोम वापरून बघितली: लायब्ररी झकास, पण नावांचा घोळ जाम डोकं खातो

पायथॉनमध्ये एईएस (डेटा एनक्रिप्ट म्हणजे कुलूपबंद करायची पद्धत) वगैरे करायचंय म्हणून शोधत आला असाल तर आधी एक सांगतो, जुनी पायक्रिप्टो लायब्ररी घेऊ नका. तिचं शेवटचं व्हर्जन २.६.१, ते आलं २०१३ मध्ये, नंतर ती बेवारसच पडलीये आणि मधे तिच्यात बफर ओव्हरफ्लोचा होल पण सापडला. तरी कित्येक ट्युटोरियल अजून तीच टाकायला सांगतात! विंडोजवर टाकायला गेलं की सी प्लस प्लसचा कंपायलर मागते, आणि कशीबशी बसलीच तरी पायथॉन ३.८ पासून टाइम डॉट क्लॉक हे ती वापरते ते फंक्शनच काढून टाकलंय त्यामुळे तिथे आपटते.

पायक्रिप्टोडोम म्हणजे त्याच कोडचा फोर्क (त्यावरून पुढे नेलेली वेगळी आवृत्ती), पण जिवंत. तयार व्हील (आधीच कंपाइल केलेलं पॅकेज) मिळतं, कंपायलर नको, ओपनएसएसएल ही वेगळी क्रिप्टो लायब्ररी नको, पिपने (पायथॉनचा पॅकेज टाकायचा टूल) सेकंदात बसते. मग लोक अडकतात कुठे? नावात. पॅकेजचं नाव पायक्रिप्टोडोम पण इम्पोर्ट करायचं क्रिप्टो, ते पण सी कॅपिटल. वर पिपवर स्मॉल सी वालं क्रिप्टो नावाचं भलतंच पॅकेज आहे, ते कोणी आधी टाकलेलं असेल तर विंडोजला दोन्ही फोल्डर सारखेच वाटतात, फाइली त्याच स्मॉल फोल्डरमध्ये जाऊन बसतात आणि पायथॉन म्हणतं असं मॉड्यूलच नाही. फोल्डरचं नाव हाताने बदला असा जुगाड सगळीकडे सांगतात, तो करू नका प्लीज. क्रिप्टो, पायक्रिप्टो, पायक्रिप्टोडोम तिन्ही अनइन्स्टॉल करा आणि शेवटची एकच परत टाका. एखादं जुनं पॅकेज पायक्रिप्टोवर अडून बसलं असेल तर शेवटी एक्स असलेली पायक्रिप्टोडोमएक्स घ्या, ती क्रिप्टोडोम नावाने इम्पोर्ट होते, भांडणच नाही. आणि पिप नुसतं चालवू नका, पायथॉन मायनस एम पिप असं चालवा, नाहीतर मशीनवर दोन पायथॉन असले की लायब्ररी एकात आणि तुमचा कोड दुसऱ्यात. बसल्याची खात्री करायला क्रिप्टो डॉट सेल्फटेस्ट रन करायची.

वापरताना जे एरर येतात ते बहुतेक तुमच्या भल्याचेच असतात. मोड (एनक्रिप्ट करताना डेटाचे तुकडे कसे जोडायचे ते) दिला नाही तर सरळ नकार, जुनी पायक्रिप्टो गुपचूप ईसीबी हा कमकुवत मोड लावायची त्यापेक्षा हे लाख पटीने बरं. स्ट्रिंग चालत नाही, बाइट्स द्या. सीबीसी मोडला डेटा १६ बाइटच्या पटीत लागतो, त्यासाठी पॅड आणि अनपॅड आत तयार आहेत, स्वतःचं लिहीत बसू नका. ज्या ऑब्जेक्टने एनक्रिप्ट केलं त्यानेच डिक्रिप्ट होत नाही, त्याच की (चावी) आणि नॉन्सने (दर वेळी नवा लागणारा आकडा) नवा बनवावा लागतो.

खरी मजा येते समोरची टीम जावावाली असली की. जीसीएम मोडमध्ये जावा टॅग (डेटात कोणी फेरफार केला नाही याचा शिक्का) सायफरटेक्स्टच्या म्हणजे एनक्रिप्ट झालेल्या डेटाच्या शेवटी चिकटवून देते, इथे टॅग वेगळा लागतो, म्हणून शेवटचे १६ बाइट कापून घ्यायचे आणि मग व्हेरिफाय करायचं. नॉन्सचं पण तसंच, तुम्ही दिला नाही तर ही १६ बाइटचा बनवते आणि समोरचे बहुतेक वेळा १२ चाच धरून बसलेले असतात. ‘मॅक चेक फेल्ड’ (टॅग जुळला नाही) असा एरर आला तर की बदलत बसण्याआधी या दोन गोष्टी बघा.

एक गोष्ट मात्र अजिबात पटली नाही. पासवर्डवरून की बनवायच्या पीबीकेडीएफ२ या फंक्शनचा डिफॉल्ट काउंट (हॅश किती वेळा फिरवायचा) १०००, आणि हॅश शा-१. आजच्या हिशोबाने हे काहीच नाही, ओवॅस्प ही सॉफ्टवेअर सुरक्षेची संस्था शा-२५६ सोबत ६ लाख सांगते. दोन्ही स्वतः द्या नाहीतर सरळ एस्क्रिप्ट हा त्याच कामाचा दुसरा पर्याय वापरा, तो पण आहेच आत.

डॉक्युमेंटेशन चांगलंय, उदाहरणं कॉपी करून चालतात (नशीबच म्हणायचं). पाचपैकी चार देईन. पण तुम्हाला नुसती एक फाइल लॉक करायचीये आणि मोड, नॉन्स, टॅग यात पडायचंच नाही, तर ही नकोच, क्रिप्टोग्राफी नावाची दुसरी लायब्ररी आहे तिच्यातलं फर्नेट (हे सगळं आत स्वतःच सांभाळणारं तयार साधन) घ्या, चार ओळीत काम होतं.