आठ महिने, बारा डायनासोर आणि ‘१०० टक्के अचूक’

गेल्या दिवाळीत सात वर्षांच्या लेकीसाठी बारा डायनासोरांचा एक संच ऑनलाइन मागवला. किंमत १,४९९ रुपये. खोक्यावर ‘१०० टक्के शास्त्रीयदृष्ट्या अचूक’ असे ठळक अक्षरांत छापले होते आणि खरे सांगायचे तर त्याच ओळीला भुलून मी तो घेतला. आता आठ महिने तो आमच्या नागपूरच्या घरात रोज जमिनीवर, पलंगाखाली आणि न्हाणीघरात वावरतो आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण हुबेहूब याच साच्यांतले संच निरनिराळ्या नावांनी विकायला असलेले मी नंतर पाहिले.

टिकाऊपणाबद्दल फारशी तक्रार नाही. सुरुवातीला येणारा प्लास्टिकचा वास धुऊन गॅलरीत ठेवल्यावर चार दिवसांत गेला. नखांवरचा आणि स्टेगोसॉरसच्या पाठीवरील तकट्यांच्या टोकांवरचा रंग उडाला आहे, पण तुटले काही नाही. मोसासॉरस मात्र आतून पोकळ आहे. पोटाखालच्या बारीक भोकातून पाणी आत शिरते आणि तिथे बुरशी धरते, म्हणून त्याला बादलीत सोडू नये.

खरी गंमत मे महिन्यात झाली. टी-रेक्स संचातला सर्वांत मोठा, नाकापासून शेपटीपर्यंत ३० सेंटिमीटर. विकत घेतला तेव्हा तो पाठ आडवी आणि शेपटी हवेत ताठ धरून दोन पायांवर उभा राहत असे, आणि ही ठेवण बरोबर होती. उन्हाने गॅलरीतले प्लास्टिक नरम पडले, गुडघे मागे कलले आणि एका दुपारी लेक हाक मारत आली, “आई, हा बघ, शेपटीवर टेकून बसलाय!” न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमध्ये १९१५ साली टी-रेक्सचा सांगाडा नेमका असाच, धड उभे आणि शेपटी जमिनीवर, मांडलेला होता आणि थेट १९९० च्या दशकात तो आडव्या पाठीचा करण्यात आला. जे चुकीचे रूप सुधारायला संग्रहालयाला ऐंशी वर्षे लागली, ते आमच्या उन्हाने एका आठवड्यात परत आणले. उपाय सोपा आहे: पाय गरम पाण्यात मिनिटभर बुडवावेत, हाताने सरळ करावेत आणि लगेच गार पाण्यात धरावेत. हे काम मोठ्यांनीच करावे. आमचा टी-रेक्स त्यानंतर उभा आहे, जरा वाकडा असला तरी.

याच निमित्ताने मी खोक्यावरचा दावा एकेका खेळण्यावर पडताळून पाहायला बसले. बारापैकी तीन मुळात डायनासोरच नाहीत. टेरॅनोडॉन हा टेरोसॉर म्हणजे उडणाऱ्या सरीसृपांच्या वेगळ्या गटातला, मोसासॉरस हा सरडे-घोरपडी-सापांच्या गोतातला समुद्री प्राणी, आणि पाठीवर शीड असलेला डायमेट्रोडॉन तर पहिल्या डायनासोरच्या कितीतरी आधी नामशेष झालेला आणि नात्याने सस्तन प्राण्यांना, म्हणजे आपल्याला, अधिक जवळचा. खोक्यावर ‘डायनासोर आणि त्यांचे समकालीन’ असे लिहिले असते तरी डायमेट्रोडॉन त्यात बसला नसता. बाकीच्या नवांचाही काळ एक नाही. स्टेगोसॉरस सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा आणि टी-रेक्स साधारण ६.८ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. दोघांमधले अंतर टी-रेक्स आणि आपल्यातल्या अंतरापेक्षा जास्त आहे. तरी खोक्यावरच्या चित्रात त्यांची झुंज लागलेली आहे.

मापांचा हिशोब लेकीला सोबत घेऊन पट्टीने केला. खरा टी-रेक्स साधारण १२ मीटर लांब, म्हणजे आमचा ३० सेंटिमीटरचा टी-रेक्स ४० पट लहान झाला. त्याच प्रमाणात दोन मीटरांच्या आतबाहेरचा व्हेलोसिरॅप्टर ५ सेंटिमीटरचा हवा. संचातला आहे १८ सेंटिमीटर. उलट लांब मानेचा ब्रॅकिओसॉरस ५० सेंटिमीटरच्या आसपास हवा, तो टी-रेक्सएवढाच आहे. सगळे एका खोक्यात बसवायचे म्हटल्यावर हे होणारच, त्याबद्दल मी गुण कापत नाही. पण माहितीपत्रकावर लांबी-उंचीचा एक तक्ता दिला असता तर काय बिघडले असते?

व्हेलोसिरॅप्टरबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण या खेळण्याचा नमुना कुठल्या जीवाश्मावरून घेतलेला नाही, तो सरळ पडद्यावरून उचललेला आहे. मंगोलियात १९२३ साली सापडलेला हा प्राणी टर्कीच्या आकाराचा, वजनाने पंधरा किलोच्या आसपास होता. १९९३ च्या ‘ज्युरासिक पार्क’ चित्रपटात त्याचे नाव वापरले, पण देहयष्टी डायनोनिकस या त्याच्या मोठ्या नातेवाइकावर बेतली आणि तीही आणखी फुगवली. अमेरिकी जीवाश्मशास्त्रज्ञ जॉन ऑस्ट्रॉम यांनी १९६९ मध्ये याच डायनोनिकसचे वर्णन करून डायनासोर सुस्त आणि थंड रक्ताचे होते या समजुतीला धक्का दिला होता, तेव्हा चित्रपटाची निवड अगदीच अडाणीपणाची नव्हती. शेपटी वर, पाठ आडवी, चाल पक्ष्यासारखी, हे त्या चित्रपटाने लाखो लोकांच्या डोळ्यांत बसवले, हे श्रेय त्याला द्यायलाच हवे. पिसे त्यात नव्हती हेही समजण्यासारखे आहे. चीनमधला पिसांचा कोट असलेला सायनोसॉरोप्टेरिक्स जगापुढे आला तो १९९६ मध्ये. परंतु २००७ साली व्हेलोसिरॅप्टरच्याच हाताच्या हाडावर पिसे रुजण्याच्या गाठी सापडल्यानंतरही त्याला खवल्यांच्या कातडीत ठेवणे, आणि वर ‘१०० टक्के’ म्हणणे, याला क्षमा नाही.

त्याचे हातही चुकले आहेत, आणि ही चूक एकदा कळली की प्रत्येक दुकानात दिसू लागते. खेळण्यातल्या व्हेलोसिरॅप्टरचे तळवे जमिनीकडे वळलेले आहेत, जणू तो पेटी वाजवायला बसला आहे. या प्राण्यांच्या मनगटाची ठेवण पाहता तळवे एकमेकांसमोर, टाळ धरल्यासारखे हवेत. टी-रेक्सच्या हाताला दोनच बोटे आहेत, तेवढे बरोबर. माझ्या लहानपणच्या रबरी टी-रेक्सला तीन होती.

डायलोफोसॉरसला चित्रपटातलाच, बटण दाबल्यावर उघडणारा गळपट्टा दिलेला होता. असा पट्टा किंवा विष थुंकण्याची सोय त्याला होती याचा जीवाश्मांत काहीही पुरावा नाही, आणि प्रत्यक्षात तो सहा-सात मीटर लांब, बळकट जबड्याचा शिकारी होता. जानेवारीत आमचा गळपट्टा फाटला आणि खेळणे आपोआप अधिक अचूक झाले. स्पायनोसॉरसची शेपूट गोल आणि निमुळती आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोरोक्कोतल्या जीवाश्मांनुसार ती वल्ह्यासारखी चपटी आणि उंच होती. तीन शिंगांचा ट्रायसेराटॉप्स आणि चिलखती पाठीचा अँकिलोसॉरस यांच्यात मला ढोबळ दोष सापडला नाही, आणि लेकीलाही तेच दोघे सर्वांत प्रिय आहेत.

हे सगळे, खोक्याच्या छायाचित्रासह, मी विक्रेत्याला कळवले. अकरा दिवसांनी पुढच्या खरेदीवर दहा टक्के सवलतीचे कूपन आले. दाव्याबद्दल अवाक्षर नाही.

संचासोबत आलेली हिरव्या गवताची प्लास्टिकची चटई मी आधी चुकांच्याच यादीत घातली होती, कारण डायनासोरांच्या काळी गवत नव्हते असे मी शाळेत असताना वाचले होते. ती माझीच चूक निघाली, आणि पुरावा निघाला आमच्या विदर्भातला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुरा येथे मिळालेल्या डायनासोरांच्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण असल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. ही विष्ठा टायटॅनोसॉर गटातल्या लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरांची मानली जाते. त्याच जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या टेकडीवर अशाच एका टायटॅनोसॉरचा सांगाडा मिळाला. १९९७ मध्ये त्याचे वर्णन झाले आणि २००३ मध्ये, इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून, त्याला इसिसॉरस हे नाव मिळाले. आमच्या संचातल्या ज्युरासिक काळातल्या स्टेगोसॉरसला ही चटई शोभत नाही, पण इसिसॉरसला शोभेल. तो मात्र मला अजून कोणत्याही दुकानात दिसलेला नाही. लेकीने गणपतीच्या उरलेल्या शाडूचा एक केला आहे, जाड मानेचा आणि पुढचे पाय लांब असलेला. वाळताना त्याची मान तडकली, ती फेव्हिकॉलने जोडली आहे, आणि सध्या चटईवर फक्त त्यालाच उभे राहण्याची परवानगी आहे.