गॅरेजचा ओपनर: १४ महिन्यांनंतर, आणि एका बल्बचा ताप

गॅरेजचं दार मोटारीने उघडणारा-मिटणारा ओपनर बसवून १४ महिने झाले. तक्रार करावी असं वर्षभर काही घडलंच नाही, म्हणून लिहिलं नव्हतं. मार्चमध्ये घडलं.

सकाळी गाडी ड्राइव्हवेवर काढायची, रिमोट दाबायचा, आणि दार ढिम्म. उतरून थेट दाराखाली जाऊन दाबलं तरच बंद व्हायचं. संध्याकाळी मात्र कोपऱ्यावरूनच उघडायचं. रिमोटचा सेल बदलला, रिमोट नव्याने जोडून पाहिला, फरक शून्य. भिंतीवरचं बटण व्यवस्थित चालत होतं. शेवटी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. दहा मिनिटांत त्याने निदान केलं: लॉजिक बोर्ड (ओपनरचं मुख्य सर्किट) गेलाय, २४० डॉलर. नुसत्या येण्याचे ९५ वेगळे. बोर्डाला मी नाही म्हटलं, पण ९५ द्यावेच लागले. त्याचा राग अजून गेलेला नाही.

खरं कारण सापडलं ते बाबांमुळे. आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेत, आणि बाबा दुपारी गॅरेजमध्ये ट्रान्झिस्टरवर हिंदी गाण्यांचं एएम स्टेशन लावून बसतात. ते म्हणाले, "अगं, दार उघडलं की रेडिओ खरखरतो. दिवा विझला की थांबतो."

ओपनरमधला दिवा! दार हललं की आमच्याकडे तो साडेचार मिनिटं चालू राहतो. सकाळी दार उघडताच दिवा लागायचा आणि रिसीव्हर बहिरा व्हायचा. संध्याकाळी दिवा बंद, म्हणून दुरूनही चालायचं. फेब्रुवारीत जुना बल्ब गेला तेव्हा मीच चारच्या पाकिटातला स्वस्त एलईडी तिथे लावला होता. अशा बल्बच्या आतलं सर्किट रेडिओ लहरी सोडतं. ओपनरचे रिमोट साधारण ३०० ते ३९० मेगाहर्ट्झवर चालतात, आणि बल्ब असतो रिसीव्हरच्या अगदी शेजारी. बल्ब काढला, आणि रिमोट पुन्हा कोपऱ्यावरून चालू. आता ओपनरसाठी म्हणूनच विकला जाणारा एलईडी लावलाय, १२ डॉलरचा. त्यामुळे हॉर्सपॉवर वगैरे विचारण्याआधी दिव्याचं काय ते विचारा. पुन्हा घ्यायची वेळ आली तर मी सुट्या बल्बऐवजी दिवा आतच कायमचा बसवलेला ओपनर घेईन.

ओपनर दार चेनने ओढतो किंवा बेल्टने; आमचा बेल्टचा. त्या बेल्टबद्दलचं माझं मत मात्र मागे घेते. चेनपेक्षा ६० डॉलर जास्त, म्हणून मी विरोध केला होता, आणि वर्षभर तो खर्च मला वायाच वाटत होता. आई-बाबांची खोली नेमकी गॅरेजवर आहे. नवरा रात्री साडेअकराला येतो. बाबांची झोप सावध, तरी त्यांना दाराच्या आवाजाने एकदाही जाग आलेली नाही.

बॅटरीचंही तसंच. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून बॅटरी बॅकअपशिवायचा घरगुती ओपनर विकता येत नाही, त्यामुळे पर्यायच नव्हता. २०१७च्या वणव्यांत वीज गेली आणि काही जणांना दार उघडून गाडी बाहेर काढता आली नाही, त्यातून हा कायदा आला. जानेवारीच्या वादळात आमची वीज गेली तेव्हा घरी आई-बाबा दोघंच होते. दार मोटारीपासून सुटं करणारी लाल दोरी ओढून ते हाताने उचलणं आईच्या खांद्याला झेपलं नसतं. बटण दाबलं, दार उघडलं. त्या दिवशी बॅटरीचे पैसे वसूल झाले.

एक मात्र करा. दार बंद असताना ती लाल दोरी ओढा, दार हाताने अर्ध्यावर न्या आणि हात हळूहळू सैल करा. तिथेच थांबलं तर स्प्रिंग ठीक आहे. दाराचं वजन स्प्रिंग पेलते, मोटार नव्हे. साधी स्प्रिंग १०,००० उघडझापींसाठी धरतात. आमच्या घरी दिवसाला चार, म्हणजे सात वर्षंही पुरी होत नाहीत, आणि आमची सहा वर्षांची झाली. मागच्या रविवारी दार अर्ध्यावरून वीतभर खाली सरकलं. स्प्रिंगमधला ताण जिवावर बेतू शकतो, म्हणून हे काम आम्ही स्वतः करणार नाही. पैसे बाजूला काढलेत, दोघांकडून दर मागवलेत. ९५ डॉलरवाला त्यात नाही.